कॅसेट जिथे संपली तिथून पुढे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ५४ वर्षांचे. १९८९ ते ९३ इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर असताना यस, जेनेसिस, किंग क्रिमसन, पिंक फ्लॉइड या सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडची, म्हणजे लांबलचक, अवघड तालांची गाणी करणाऱ्यांची, पारायणं केलेली. आता मुलगा त्यांना आजचे प्रोग्रेसिव्ह बँड ऐकवतो. पोरं अफाट वाजवतात हे त्यांना कळतं, पण आत काही हलत नाही. म्हणून विचारतात, ‘संगीतच खालावलंय, की मी म्हातारा झालोय?’

मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. शाळेत तबला, कॉलेजात ड्रम, आणि गेली तीसेक वर्षं पुण्यात रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग. रोजीरोटी जाहिराती, भावगीतं आणि नाटकांच्या संगीतावर चालते. प्रोग, म्हणजे हे प्रोग्रेसिव्ह रॉक, हे व्यसन. त्यामुळे उत्तर देताना मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. जुनं संगीत जास्त चांगलं होतं का, हा एक. आणि जुनं संगीत आपल्याला जास्त चांगलं का *वाटतं*, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर काही प्रमाणात मोजून देता येतं. दुसऱ्याचं उत्तर मला अपघाताने मिळालं, तेच आधी सांगतो.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या जमान्यासाठी आपण हळहळतोय तो आपला नव्हताच. यसचा ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम आला १९७२ साली, तेव्हा तुम्ही रांगत असाल. आपण कॉलेजात गेलो तोवर पंक हे साधं, आडदांड रॉक येऊन गेलं होतं आणि जेनेसिस सरळसोट पॉप गाणी करून खोऱ्याने पैसा ओढत होते. आपल्याला हे सगळं पंधरा-अठरा वर्षं उशिरा मिळालं, तेही कॅसेटवर, कुणाच्या तरी कॅसेटवरून भरून घेतलेल्या कॅसेटवर.

तर माझी कॅसेट. १९८७च्या सुमारास पुण्यात कॅन्टोन्मेंटच्या बाजूला एक दुकान होतं. मालक एलपीवरून कॅसेट भरून द्यायचा. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आपण न्यायची, दोन अल्बम सांगायचे आणि आठवड्याने जायचं. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ ४३ मिनिटांचा, तो बरोबर बसायचा. ‘क्लोज टू द एज’ तर अडतीसमध्येच आटपतो. मी एका बाजूला जेनेसिसचा १९७३चा ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ भरायला सांगितला. तो अल्बम त्रेपन्न मिनिटांच्या वर आहे. दुकानदाराने ना विचारलं ना सांगितलं, जेवढं मावलं तेवढं भरलं.

त्या अल्बमच्या शेवटाकडे ‘द सिनेमा शो’ नावाचं अकरा मिनिटांचं गाणं आहे. पहिला अर्धा भाग बारा तारांच्या गिटारींचा आणि गाण्याचा, अगदी हळुवार. पावणेसहा मिनिटांच्या आसपास गाणं म्हणणं संपतं आणि टोनी बँक्सचा कीबोर्ड सात-अष्टमांशात, म्हणजे सात-सात मात्रांच्या चालीत, सुटतो. प्रोगवाले लोक ज्या पाच-सहा जागांवरून शपथा घेतात त्यातली ही एक. माझ्या कॅसेटची पट्टी त्याच्या जरासं आधी संपायची. खट. बटण वर. माझ्यासाठी ते गाणं तिथेच संपत होतं, आणि तसं संपणंही मला फार सूचक वगैरे वाटायचं.

पुढे दहा-अकरा वर्षांनी सीडी घेतली आणि उरलेलं ऐकलं. मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो: ‘हे काय लांबण लावलंय?’ पहिला भाग सुरू झाला की अंगावर काटा, आणि ती खट् म्हणायची जागा ओलांडली की घड्याळाकडे लक्ष. दुसऱ्याच कुठल्या बँडचा तुकडा चिकटवल्यासारखं वाटायचं. दोन-तीन आठवडे तसंच. मग एकदा रात्री काम आवरताना सीडी मागे लागली होती, आणि त्या सातावर ड्रमवाल्या फिल कॉलिन्सचं वाजवणं हळूहळू कसं चढत जातंय ते पहिल्यांदा कानात शिरलं. हातातली केबल तशीच राहिली. आज मला त्या गाण्यातला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आता बघा. एकच बँड, एकच अल्बम, एकच गाणं. पहिली पाच मिनिटं माझ्यासाठी देवघरात, पुढची सहा रुक्ष. फरक एवढाच की पहिली पाच मी एकोणिसाव्या वर्षी शेकडो वेळा ऐकली आणि पुढची सहा तिसाव्या वर्षी दोनदा. तुमच्या मुलाने ऐकवलेला अल्बम तुम्ही किती वेळा ऐकलात? एकदा, गाडीत, फोन वाजत असताना? हॉस्टेलवर आपल्याकडे बारा-पंधरा कॅसेट होत्या. न आवडलेली पण पैसे घालून भरलेली कॅसेटही वीस वेळा ऐकली जायची, कारण दुसरी नव्हती. आवडण्याआधी ऐकण्याची ती सक्ती आता कुणावरच नाही, तुमच्या मुलावरही नाही.

पण सगळं खापर आठवणींवर फोडून मोकळं होता येणार नाही. तुमचा कान काहीतरी खरं पकडतोय. काय बदललंय ते स्टुडिओतून नीट दिसतं. वादन ढासळलेलं नाही, उलट आजची वीस वर्षांची पोरं जे वाजवतात ते १९७२ साली कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. बदललाय तो श्वास.

एक प्रसंग सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी नाशिकहून चार मुलांचा बँड माझ्याकडे आला. अकरा मिनिटांचं गाणं, बरंचसं सातात, मध्ये पाच, शेवटी चार. तयारी चोख. कीबोर्डवाल्याने मेलोट्रॉनचा आवाज लावला होता आणि शेवटाकडे एक कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, तो वीस-बावीस सेकंद तसाच धरून बसायचा. ऐकायला छान, पण भिंतीला दिलेल्या रंगासारखं. पुढे जायचं नाव नाही.

मी त्याला मेलोट्रॉन खरा कसा चालायचा ते सांगितलं. दिसायला कीबोर्ड, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा. पट्टी दाबली की टेप ओढली जाते आणि तिच्यावर आधी मुद्रित केलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर वाजतो. जेमतेम आठ सेकंद. मग टेप संपते, आवाज बंद. पट्टी सोडली की टेप स्प्रिंगने मागे जाते आणि मगच पुन्हा वाजवता येतं. १९६९च्या किंग क्रिमसनच्या पहिल्या अल्बममध्ये जी भव्य तंतुवाद्यं ऐकू येतात ती हीच. वाजवणाऱ्याला त्या आठ सेकंदांच्या आत काहीतरी करावंच लागायचं. कॉर्ड बदल, किंवा एकेक बोट आळीपाळीने उचल, म्हणजे सगळे सूर एकदम तुटणार नाहीत. आपल्याकडे पेटी वाजवणारा भात्यातली हवा संपायच्या आत दुसरा हात हलवतो, तसं काहीसं. ती धडपड ऐकू येत नाही, पण तिच्यामुळे कॉर्ड चालत राहतात. संगणकातल्या मेलोट्रॉनला ती अडचण नाही. आवाज तंतोतंत तोच, पण सूर सकाळपर्यंत धरता येतो.

मी म्हटलं, ‘आठ सेकंदांवर हात उचलायचा, असा नियम कर.’ पोरगा वैतागला, मग अर्ध्या तासात त्याने मधल्या दोन कॉर्ड शोधल्या. गाणं तिथून पुढे सरकायला लागलं.

मग क्लिकचा विषय. सगळं क्लिकवर वाजवलेलं, म्हणजे कानात यंत्राची टकटक आणि मिनिटाला १३२ ठोके, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी तबल्यावर वाढलेला माणूस. समेवर येताना साथीदार किंचित थांबतो, गाणाऱ्याला जागा देतो, आणि ते ‘किंचित’ कुठल्याही पट्टीने मोजता येत नाही. शेवटची तीन मिनिटं मी क्लिक बंद करून, चौघांना एका खोलीत एकमेकांसमोर बसवून वाजवायला सांगितली. पहिला टेक कोसळला. दुसराही. चौथ्यात काहीतरी झालं. लय शेवटाकडे १३७-३८पर्यंत चढली होती आणि गाणं जणू धापा टाकत वर पोचलं. गिटारवाल्याने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘सर, हे सरकलंय. रेघेवर नाहीये.’ मी म्हटलं, डोळे मिटून ऐक. त्याने ऐकलं, मान हलवली. आणि शेवटी त्यांनी क्लिकवालाच टेक प्रसिद्ध केला. गाणं त्यांचं, निर्णय त्यांचा.

हा प्रसंग मी ‘बघा, आजकालची पोरं’ म्हणून सांगत नाहीये. त्यांचीही बाजू आहे. आज ड्रम एका गावी, गिटार दुसऱ्या गावी मुद्रित होते. क्लिक नसेल तर तुकडे जुळणारच नाहीत. शिवाय जुनं सगळं एका दमात वाजवलेलं असायचं ही पण दंतकथाच. ‘क्लोज टू द एज’चं शीर्षकगीत १८ मिनिटांच्या वर आहे. ते तुकड्यातुकड्याने मुद्रित केलं आणि एडी ऑफर्ड या त्यांच्या इंजिनिअरने टेप कापून जोडली. तरी प्रत्येक तुकड्यात पाच माणसं एकमेकांकडे बघत वाजवत होती. सांधे आहेत, पण सांध्यांच्या मध्ये श्वास आहे.

तिसरी गोष्ट आवाजाच्या चढउताराची. नव्वदच्या दशकापासून सीडी जास्तीत जास्त मोठ्या आवाजात वाजावी म्हणून मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, लिमिटर हे मोठा आवाज दाबणारं यंत्र आवळत नेण्याची चढाओढ लागली. हळू भाग वर येतात, मोठे भाग दाबले जातात, सगळं एका पातळीवर. तीन मिनिटांच्या नाचगाण्याला ते चालून जातं. वीस मिनिटांच्या रचनेत मात्र कुजबुज आणि गर्जना यांतलं अंतर हाच अर्धा माल असतो. रश या कॅनडाच्या बँडचा २००२चा ‘व्हेपर ट्रेल्स’ इतका ठासून भरलेला होता की २०१३ साली त्यांनी पूर्ण अल्बम नव्याने मिक्स करून काढला. दोन्ही शेजारीशेजारी ऐका, माझ्या हजार शब्दांपेक्षा लवकर कळेल.

यात एक गोम आहे. तुम्ही आज फोनवर जे ‘जुनं’ ऐकता ते बहुधा नव्याने मास्टर केलेलं असतं, आणि त्यातली काही मास्टरिंगं नव्या अल्बमइतकीच दाबलेली आहेत. तेव्हा तुलना करण्याआधी कोणती आवृत्ती वाजतेय ते बघा. आणि दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या. जे थोडं मोठं वाजतं ते पहिल्या मिनिटात चांगलं वाटतं आणि दहाव्या मिनिटाला थकवतं.

म्हातारपणाचं विचारलंत म्हणून सांगतो. पन्नाशीनंतर वरच्या पट्टीतले बारीक आवाज कमी ऐकू येतात आणि गर्दीतून एकेक आवाज वेगळा काढणं जड जातं. सात तारांच्या दोन गिटारी आणि दुहेरी बास ड्रम यांच्या भिंतीत मला स्वतःला आता सूर शोधावा लागतो. मुलगा प्रोग मेटल ऐकवत असेल तर तुमच्या ‘काही हलत नाही’चा एक हिस्सा निव्वळ एवढाच असू शकतो. त्याला इलाज आहे: चांगले हेडफोन, कमी आवाज.

अवघड तालांबद्दलही थोडं. मुलगा बहुधा ‘बाबा, हे तेरा-अष्टमांशात आहे’ असं सांगून वाजवत असणार. आपल्या लोकांना सात मात्रांचं अप्रूप नसतं. रूपक सातांचाच, आणि वर समेवरच खाली असलेला, म्हणजे जिथे जोर हवा तिथेच हात रिकामा. रूपकात गाणं ऐकताना कोणी मोजत बसतं का? पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ही सातात आहे. लाखो लोक त्यावर मान डोलवतात आणि त्यांना पत्ताही नसतो. गिटारचा सोलो आला की ते चारात जातं, तेव्हा फक्त कुठेतरी मोकळं झाल्यासारखं वाटतं. ताल चालीच्या पोटात असला की असं होतं. नव्यातल्या पुष्कळ बँडना तो कपाळावर लावायला आवडतो, ही तुमची तक्रार असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.

पण मग जुन्यांनाही तोच न्याय लावा. आपल्यापर्यंत जे पोचलं ते गाळून आलेलं होतं. बाकीचा गाळ दुकानदाराने भरूनच दिला नाही. आणि जे गाळून आलं त्यातही कमी लांबण नाही. यसचा १९७३चा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ घ्या. त्यांचा गायक जॉन अँडरसन याने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली शास्त्रांवरची एक तळटीप वाचली आणि तिच्यातून दोन एलपी, चार बाजू, चार गाणी निघाली. हे त्यांच्याच कीबोर्डवाल्याला, रिक वेकमनला, इतकं कंटाळवाणं व्हायचं की मँचेस्टरच्या कार्यक्रमात तो स्टेजवर बसून चिकन करी खात होता. पुढच्या वर्षी त्याने बँड सोडला. मला त्यातली पहिली आणि चौथी बाजू आवडते. मधल्या दोन बाजूंना माझंही पोट करी मागतं.

लांबीचंही एक गुपित आहे. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ तेवीस मिनिटांच्या आसपास, पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’ साडेतेवीस, एमर्सन, लेक अँड पामर या बँडचं ‘टार्कस’ वीसच्या वर. हे आकडे देवाने दिलेले नाहीत. एलपीच्या एका बाजूवर तेवढंच मावतं. त्यापेक्षा जास्त भरलं तर खाचा जवळजवळ येतात आणि आवाज कमी करावा लागतो. तबकडीने माप दिलं, त्या मापात त्यांनी शिवलं. आज मापच नाही. उलट स्पॉटिफायवर ऐकणं मोजलं जातं ते तीस सेकंदांनंतर, त्यामुळे तीन मिनिटं नुसती प्रस्तावना करायची हिंमत कमी जण करतात. कमी, पण करतात. टूल या अमेरिकी बँडचं ‘फिअर इनॉक्युलम’ २०१९ साली अमेरिकेच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरलं, दहा मिनिटांहून मोठं असूनही. तोवर एवढं लांब गाणं त्या यादीत आलं नव्हतं. स्टीव्हन विल्सन या इंग्लिश संगीतकाराचा २०२५चा ‘द ओव्हरव्ह्यू’ पाहा: दोनच गाणी, एका बाजूला एक. म्हणजे तबकडीचं माप त्याने आपणहून अंगावर घेतलंय.

आणि इथेच माझं म्हणणं येतं. श्वास गेला तो जमान्यामुळे नाही, काम करण्याच्या पद्धतीमुळे, आणि पद्धत कुणीही कधीही बदलू शकतो. याच विल्सनचा २०१३चा ‘द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग’. तो मुद्रित करायला त्याने ॲलन पार्सन्सला बोलावलं. ‘डार्क साइड’चा इंजिनिअर, ‘टाइम’च्या सुरुवातीला जी घड्याळं एकदम वाजतात ती जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन ध्वनिमुद्रित करणारा. बँडने स्टुडिओत एकत्र बसून वाजवलं. चाळीस वर्षांनी तोच माणूस, तीच पद्धत, वाजवणारे मात्र नवे. मला विचाराल तर हा अल्बम १९७३च्या कुठल्याही अल्बमशेजारी मान ताठ ठेवून बसतो. ओपेथ या स्वीडिश बँडचा २०२४चा अल्बमही ऐकून बघा, त्यात जेथ्रो टल या जुन्या बँडच्या इयन अँडरसनची बासरी आहे. बिग बिग ट्रेन हा इंग्लिश बँड ऐका, तुमच्या जेनेसिसवाल्या कानाला तो घरचा वाटेल, कदाचित जरा जास्तच घरचा. आपल्याकडचं हवं असेल तर मुंबईच्या कोशिश या बँडचा २०१३चा ‘फिरदौस’, हिंदीत.

२००९च्या डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात याच विल्सनचा बँड पॉर्क्युपाइन ट्री वाजला तेव्हा मी तिथे होतो. माझ्याभोवती वीस-एकवीस वर्षांची मुलं लांबलचक गाण्यांचा शब्द न् शब्द म्हणत होती. त्यांच्या आठवणी त्या रात्री तयार होत होत्या. आज ती पस्तिशी ओलांडून गेली असतील, आणि ‘आताच्या बँडमध्ये ती मजा नाही’ म्हणायला लागलीही असतील.

आता करायचं काय? ‘रेव्हन’मधलं पहिलं गाणं, ‘ल्युमिनॉल’, घ्या. बारा मिनिटांचं आहे. पंधरा दिवसांत सहा वेळा ऐका, पहिल्यांदा तरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सुरुवातीला बास आणि ड्रमचा धडाका आहे, त्यावरून मत बनवू नका, मधली शांतता येऊ द्या. सहाव्या वेळेलाही काही हललं नाही तर तुमचं म्हणणं मला मान्य. आणि मुलाला ‘सिनेमा शो’ ऐकवा, पूर्ण, माझ्या कॅसेटसारखं अर्धवट नाही. सात कुठे सुरू होतात ते मात्र आधी सांगू नका.

मुलाने नेमके कोणते अल्बम ऐकवले आणि तुम्ही कशावर ऐकलेत, ते कळवा. त्यावरून आणखी नेमकं सांगता येईल.